जंत्री

सराफ्यात दुकानं मिटली की त्याच ओट्यांवर कढया चढतात.
सव्वीस पायऱ्या वर आमची भट्टी.
गराडूच्या तेलाचा धूर, वर जिरावणाची झणझण,
खिडकीतून तीस वर्षं आत येतोय.
कधी काही म्हणाला नाही.

त्या रात्री पाटलीचा सांधा झाळत होतो.
फुंकणी ओठांत, ज्योत सोन्यावर,
आणि फुंकर मध्येच संपली.
निमाई हसला, "दादा, बुढ़ा गए?"
उत्तर द्यायला दोन शब्द हवे होते,
एकच निघाला, तोही अर्धा.
मग छातीत कुणी बारीक शीळ घालू लागलं.

मला वाटलं, हवा आत येत नाहीये.
म्हणून ओढत राहिलो,
आणि ओढावं तितकं जास्त गुदमरलो.

डॉक्टर सेजवलकर बाई म्हणाल्या,
"आत पुष्कळ आहे हो, पोतदार.
जुनी बाहेर पडत नाही, म्हणून नवीला जागा नाही."
नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं,
उरल्या वाटेत चिकटा बसतो.
कागदावर त्या वर्तुळं काढत गेल्या,
एकाहून एक लहान.

म्हटलं, थांबा. ही तर जंत्री.
पोलादाची पट्टी, ओळीनं भोकं,
सांडशीत तार धरून ओढायची, या भोकातून त्या भोकात,
शेवटी केसाएवढी होऊन येते.
सोनं सोसतं. तापवून पुन्हा मऊ करता येतं.
बाई म्हणाल्या, "हेही मऊ होतं. त्यासाठीच तर पंप."

निळा, अडलं की.
तपकिरी रोज, काही होत नसलं तरी.
हे दुसरं पटायला मला सहा महिने आणि एक रात्र लागली.

ती रात्र मार्गशीर्षातली. पहाटे तीन.
बरा होतो म्हणून तपकिरी सोडला होता, महिना झाला होता.
आडवा होतो, आडवं राहवेना.
उठून बसलो, कोपर गुडघ्यांवर.
कुमुदिनीनं दिवा लावला, ओरडली नाही.
पंप हलवला, नळकांड्याला जोडला.
आधी सोड. सगळी सोड.
आता दाब, हळू ओढ, घाई नको,
धर.
ती बोटांवर मोजत होती, मी तिच्या बोटांकडे बघत होतो.
दहा.
पुन्हा.
दाराशी निमाई चप्पल घालूनच उभा.
बाईंनी त्याला बजावलं होतं,
ओठ निळे दिसले, वाक्य पुरं होईना,
तर दादाला विचारत बसू नकोस, सरळ एम.वाय.

चौथ्यानंतर शीळ सैल झाली.
मी म्हटलं, "चहा ठेव."
दोन शब्द. कुमुदिनी तेव्हा रडली.

आता झाळकाम निमाई करतो, गॅसच्या बत्तीवर.
तेजाबाची वाटी गच्चीत गेली.
फुंकणी खिळ्याला आहे. काढवत नाही.
तपकिरी ओढून रोज चूळ भरतो,
कुलदेवतेला हात जोडायच्या आधी, क्रम ठरून गेलाय.

आणि दर सोमवारी,
गिऱ्हाईक यायच्या आत,
निळ्या पंपातली डबी काढून काट्यावर ठेवतो.
भरलेली किती, रिकामी किती, वहीत लिहून ठेवलंय.
किती श्वास शिल्लक, ते मिलिग्रॅमपर्यंत कळतं.
निमाई विचारतो, "क्या भाव, दादा?"
मी आकडा लिहितो,
फुंकर घालून शाई वाळवतो.