चार दात

बाजारात बाबांनी अंगठ्याने बकऱ्याचा ओठ वर केला
आणि दात मोजले,
प्रतापनगरच्या शेडात तीस वर्षं बोल्ट मोजले तसे.
दोन.
विकणारा म्हणाला, काका, बे दांत एटले पास.
याकुतपुऱ्यात सगळ्यांचं दोन दातांत भागतं,
आमचं नाही.
आम्ही शाफई, दाभोळकडचे,
आमच्याकडे बकरा दोन वर्षं पुरा लागतो.
मशिदीतही आमीन मोठ्याने म्हणणारे बाबा एकटेच.
आधी माना वळायच्या, मग लोकांना सवय झाली.

सातव्या खुंटाला चार दातांचा भेटला.
कान शाबूत, डोळे निर्मळ.
चालवून पाहिला, पुन्हा चालवला.
पैसे मोजून झाल्यावर दोरी माझ्या हातात दिली
आणि मराठीत काहीतरी म्हणाले.
त्या गर्दीत ते फक्त मला कळलं,
आणि बकऱ्याला कळलं असेल तर त्याला.

चंद्र दिसला. नेलकटर कपाटावर गेलं.
सहाव्या रात्री बाबा गेले.
गुस्लच्या वेळी मुबीनने विचारलं, नखं?
कोणीतरी म्हणालं, राहू देत.
तशीच गेली.

अंगणात बकरा. भोवती खुर्च्या,
येणारे-जाणारे, चहाचे कप.
त्याने एकाच्या खिशातली जांभळी तस्बीह चघळली
आणि आई त्या दिवसात पहिल्यांदा हसली,
मग तोंडावर ओढणी धरून बसली.

शेजारचे इमामसाहेब म्हणाले,
मरहूमच्या नावाने करा, सवाब पोचेल.
आईला ते पटत नव्हतं.
आपल्यात मेलेल्याच्या नावाने होत नाही,
त्याने सांगून ठेवलं असल्याशिवाय.
मुबीन म्हणाला, मग तो बाबांचा माल.
वाटणी होईल. आईचा आठवा हिस्सा,
उरल्यात माझे दोन, हिचा एक.
बकऱ्याचा आठवा हिस्सा म्हणजे कुठला पाय,
हे मी विचारलं नाही.

दाभोळच्या खतीबांना फोन लावला.
त्यांचा आवाज समुद्रावरून आल्यासारखा तुटत होता.
विचारलं, नुसता विकत घेतला,
की तोंडाने म्हणाले?
म्हणाले, तर नेमके शब्द सांग, बाय.
‘कुर्बानीसाठी घेतलाय’ म्हणाले असतील
तर तो इरादा. बकरा वारसांचा.
‘हा कुर्बानीचा’ म्हणाले असतील
तर तो नजर झाला. कापावाच लागेल,
आणि घरातल्या कोणी त्यातला घासही खायचा नाही.

साठी.
चा.
शाळेत विभक्तीला मला दहापैकी चार पडले होते.
आई माझ्याकडे बघत होती. मुबीन बकऱ्याकडे.
मी म्हणाले, चा.

ईदेची नमाज झाली, मग कापला.
सुरी त्याच्या नजरेआड परजली.
कसायाची मजुरी आईने स्वतःच्या बटव्यातून दिली,
त्याला चामडंसुद्धा नाही.
तीन वाटे झालेच नाहीत, एकच झाला,
रेल्वेलाइनमागच्या झोपड्यांत
दुपारपर्यंत सगळा संपला.
परतताना माझ्या हाताला वास होता,
तो साबणाने जाईना.

दुपारी आईने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, मसुराची आमटी केली.
जेवायला बसलो तोच समोरच्या हुमेराबीचं ताट आलं,
वर जाळीदार रुमाल.
दोन दातांच्या बकऱ्याचं.
मुबीन थांबला.
आई म्हणाली, खा रे.
त्यांच्या हिशेबाने पुरा आहे.

अर्ध्या जेवणात त्याने हळूच विचारलं,
नक्की ‘चा’?
भाकरी गरम होती, बोटं भाजत होती.
ती तशीच मोडत मी म्हटलं,
बाजारात फार आवाज होता.
आई ऐकत होती की नाही, कळलं नाही.
तिने त्याला आणखी एक भाकरी वाढली.