तीनशे वॅट

सुभाषनगरात श्रावण म्हणजे
कापशी चपलेवर हिरवी लव.
म्हणून उमाजीनं यंत्र आणलं,
राजारामपुरीतनं, हप्त्यावर.

तीनशे वॅट, आठ तास.
रोजचे चोवीस रुपये.
कट्ट्यावरचं पाव लिटर दूध गेलं म्हणायचं.
मी दारामागं खडूनं मांडून ठेवते.

टाकी भरली की ते शिट्टी घालतं.
उठून मोरीत ओतते दोन लिटर:
भिंतीचं, कातड्याचं,
आम्हा चौघांच्या श्वासाचं पाणी.

काल बिल बघून म्हणाला,
उघडीप हाय, बंद कर.
केलं.

मध्यरात्री कस्तुरीचा खोकला,
एकदा,
मग थांबून पुन्हा.
अंधारात तोच उठला.
"चपलांस्नी बुरशी येतीया," म्हणाला,
आणि बटण दाबलं.

ऑर्डर तर
परवाच गेली होती.