पॅकिंग

उद्यमनगरात गॅस्केट कुणी म्हणत नाही.
पॅकिंग म्हणतात.
दोन लोखंडं कितीही घासून सपाट केली
तरी त्यांच्यामध्ये काहीतरी उरतंच.
त्या उरलेल्या जागेचं हे काम.

इंगवले वकिलांची डॉज, बावन्न सालची,
इंजिन बाकावर उघडं पडलंय,
आणि दस्तगीर मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून
एकेक जोड बोटानं चाचपतायत,
पेरूच्या पाटीत हात घालावा तसं.
"खरवड. पण पातं आडवं धर.
ओरखडा गेला तर जन्मभर त्याल गळंल."

मी खरवडते.
बुचाचं पॅकिंग बिस्किटासारखं मोडतं.
चेंबरच्या कडेला काकवीसारखा काळा चिकटा.
हेडचं तांब्याचं पॅकिंग तीन आणि चार नंबरच्या मध्ये जळालेलं,
नखाएवढी वाट,
तेवढ्यातून सगळा जोर निघून जायचा
आणि वकील म्हणायचे, पेट्रोलात भेसळ आहे.

टायमिंगचं कव्हर उघडलं
तर आतलं पॅकिंग कंपनीचं नव्हतं.
पुठ्ठा. कुणीतरी हातानं कापलेला.
रॉकेलमध्ये बुडवून पुसला, आकडे वर आले:
एकपानी कॅलेंडर,
शाहूपुरीतल्या कुठल्याशा गुळाच्या अडतीचं.
अडत्याचं नाव अर्धं, "...प्पा आणि मंडळी",
साल कापलं गेलेलं.
जिथं जिथं बोल्ट होते तिथं तारखा नाहीत.
अकरा नाही. एकोणीस नाही.
एका मंगळवारचा नुसता मं.

ज्यानं कापलं त्याला घाई असणार.
किंवा पैसे नसणार. किंवा बाजार बंद.
पण पुठ्ठ्याची आतली कड काळी
आणि बाहेरची अजून कोरडी, पिवळी.
मिस्त्री उजेडाला धरून बघत राहिले.
"दिस गेलं," म्हणाले, "त्याल न्हाई गेलं."
आणि बिडी ओढायला बाहेर गेले.

मग माझी पाळी.
लक्ष्मीपुरीतून आणलेला कागद कव्हरवर पसरून
गोल हातोडीनं कडेकडेनं टकटक,
लोखंडाच्या धारेवर तो आपोआप तुटत जातो.
भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एकच ठोका,
टिकली पडते, कपाळाला लावावी तेवढी.

मागच्या सीलची सुतळी रात्रभर तेलात होती.
खोबणीत दाबत दाबत बसवली,
टोकं ब्लेडनं छाटली, पण साफ नाही,
केसभर वर ठेवून.
"का?"
"कॅप आवळली की तो केस आत जातो.
तिथंच तर पकड हाय."

तांब्याचे वायसर लाल तापवून पाण्यात टाकले.
पोलाद असं विझवलं की कडक होतं,
तांबं मऊ होतं.
आयटीआयच्या वहीत मी हे दोनदा लिहिलं होतं.
चर्र आवाज झाला, वायसर दोन बोटांत वाकला,
तेव्हा कळलं.

हेडचे बोल्ट मधून बाहेर, या अंगाचा एक, त्या अंगाचा एक,
आधी हलके, मग जोरात, मग परत पहिल्यापासून.
मी आकडे मोजत होते. मिस्त्री मोजत नव्हते.
मीटरचा पाना लावून बघितलं,
त्यांचे बोल्ट माझ्यापेक्षा सारखे.

संध्याकाळी सुरू झाली.
वकिलांनी नारळ आणलेला,
मिस्त्रींनी तो फळीवर ठेवून दिला. "उद्या."
रात्री चेंबरखाली वर्तमानपत्र पसरलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन वाकले.
एक थेंब.
छोट्या जाहिरातींवर, "स्थळ पाहिजे"च्या थोडा वर.
मी काही बोलायच्या आत मिस्त्री मागून म्हणाले,
"एक माफ. माझ्या वयाची हाय."

जुन्या पुठ्ठ्याचं काय करायचं, कुणी सांगितलं नाही.
खिळ्याला अडकवलाय, यंदाच्या कॅलेंडरशेजारी.
गिऱ्हाईक तारीख विचारतं
आणि माझी मान आधी तिकडं वळते.