हातचा एक

ओलोमोउत्स, सदुसष्ट सालचा जानेवारी.
खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनेही बर्फ धरलेला.
तिसऱ्या मजल्यावर द्राहोमीराबाई
शब्द मोजत बसतात.

वाचत नाहीत, मोजतात.
त्या आकडा सांगतात, मी कार्डाला भोक पाडतो:
एक अक्षर. पाच. दोन. एक. एक.
मधेच एखादं चौदा अक्षरी धूड येतं
आणि फाटकाशी मालगाडीने खोळंबून ठेवावं
तसे आम्ही दोघं थांबतो.

"राबतात ते लहान शब्द," बाई म्हणतात,
"मोठे नुसते पाहुणे."
आमच्या चेक भाषेत 'मध्ये' म्हणजे एक अक्षर,
तेही स्वराविना; ओठाला दात टेकवला की झालं.
'सोबत'ही तेवढंच. 'पासून'ही.
ज्याच्यावाचून घडीभर चालत नाही
ते झिजत झिजत एवढंसं उरतं,
मोरीतल्या साबणाच्या चिपेसारखं.
आलेख काढला की रेघ घसरगुंडीवरून उतरते,
बायबल असो, भाजीचा हिशोब असो,
तीच रेघ.

मार्चमध्ये बाईंनी बिस्किटांचा डबा आणला.
आत एकोणीस पत्रं.
"हीसुद्धा मोज."
याखिमोवच्या खाणीतून आलेली,
छापील अक्षरांत, कारण छावणीचा तसा नियम,
पंधरा ओळींच्या वर एक ओळ नाही.
खाली नाव: व्रातिस्लाव.
मी बाईंकडे पाहिलं.
त्या पेन्सिलीला टोक काढत होत्या.

नऊ दिवस लागले.
पंधराव्या पत्रापर्यंत सगळं सरळ:
वाक्याला नऊ-दहा शब्द,
जिकडेतिकडे 'आणि',
माणूस एका गोष्टीला दुसरी जोडत सुटलेला,
सूप आणि खोकला आणि आपलं आलुबुखाराचं झाड आणि तू.
बायकोचं नाव कायम वाक्याच्या शेवटी,
पावाची खरपूस कड शेवटच्या घासाला राखावी तसं.

सोळाव्यापासून वाक्य सहा शब्दांचं.
'आणि' पातळ झालं. 'पण' दाटलं.
नाव आलं वाक्याच्या सुरुवातीला,
एकदाही न चुकता,
पाठ केलेल्या पत्त्यासारखं.

मी बेरीज पुन्हा केली. मग पुन्हा.
"हातचा धरलास ना?" बाईंनी विचारलं.
धरला होता.

सरकारने बाईंना फक्त साल कळवलं होतं.
तारीख नाही, माती कुठे दिली तेही नाही.
बाईंनी पंधराव्या आणि सोळाव्या पत्राच्या मध्ये
पट्टी ठेवली.
अठ्ठावीस सप्टेंबर. नऊ नोव्हेंबर.
"इथे कुठेतरी," म्हणाल्या.
मग बराच वेळ पट्टी उचललीच नाही.

गणित नाव सांगत नाही.
ते एवढंच म्हणतं: इथे माणूस बदलला.
कोणी तरी एक,
ज्याला झाडाची गोष्ट रात्री-रात्री ऐकून तोंडपाठ,
कुंपणाची फळी कुठे निखळलीय तेही ठाऊक,
त्याने चार महिने
एक मेलेला माणूस पुढच्या रकान्यात नेला.
हातचा एक.
आणि वाक्यरचना मात्र स्वतःची राहिली.
तिचा वेश पालटता येत नाही,
कारण आपण ती घातलीय हेच कळत नाही.

बाईंनी निबंध लिहिला. रूक्ष. अकरा पानं, सहा तक्ते.
'लेखक क: पंधरा नमुने. लेखक ख: चार.'
शेवटी आभार: ग्रंथालयाचे, माझे,
आणि 'लेखक ख यांचे'.

संपादकांनी विचारलं, हे ख कोण?
बाईंनी समासात उत्तर दिलं,
माहीत नाही, पण राहू द्या.

मी सवयीने मोजलं.
पाच शब्द. एक 'पण'.