प्रश्न क्रमांक सव्वीस

दिघ्याच्या वरच्या अंगाला, जिथे डोंगर
खाणवाल्यांनी अर्धा खाऊन ताटात तसाच टाकलाय,
तिथली दोनशे बारा घरं माझ्या वाट्याला.
महापालिकेचा फॉर्म, पंचवीस प्रश्न,
फॉर्ममागे चाळीस रुपये.

पंख्याला रकाना आहे. मोबाइलला आहे.
संडास: स्वतःचा, सामाईक, नाही.
आणि शेवटी, जागा उरली म्हणून विचारल्यासारखं,
आपल्याला काय हवे आहे?
कमलबाई घुगे म्हणाली, तुमी काय देताय ते सांगा,
मग तेच हवंय म्हणते.

प्रश्नच कधी कधी उत्तर कोंबतो तोंडात,
व्याह्याच्या तोंडात पेढा कोंबावा तसं:
हे मी एम. ए.च्या पेपरात लिहिलं होतं, सहा गुणांना.
कळलं कमलबाईच्या ओट्यावर.

चौथ्या दिवशी फॉर्मच्या पाठीवर पेनानं
सव्विसावा लिहिला:
काल रात्री किती झोपलात?

आणि गल्ली बोलायला लागली.
अडीचला उठते. तीनला पाणी. साडेचारला जातं.
हंडे भरून पाठ टेकावी तर यांची पहिली पाळी,
रबाळ्याची कंपनी, डबा.
मशीनवर डुलकी लागून फरजानाच्या बोटातून सुई गेलेली,
ते बोट तिनं दाखवलं
घड्याळ दाखवावं तसं.
अनुसया वाकोडेची मुलगी वर्गात झोपते;
बाई म्हणतात, लक्ष नाही.
नवरा मारतो का, याला शांतपणे नाही म्हणालेली एक
या प्रश्नाला रडली.

एकशे सत्त्याण्णव घरांत पाणी भरणारी बाई
चार तासांच्या आत.
एका रविवारी खालच्या तीन टॉवरांतही विचारून आले.
तिथे माणसं झोपलेली असताना
पाणी आपलं आपण टाकीत चढतं.
सगळं मिळवून भागलं, तर सहा तास दहा मिनिटं.
सरासरी ही मोठी समजूतदार बाई:
घरातलं भांडण घरातच मिटवते.

वॉर्डाच्या बैठकीत कमानीचा विषय होता,
ग्रॅनाइट, एकवीस लाख, वर नाव.
मी उभी राहिले. माझ्यापेक्षा कागदाचाच आवाज जास्त.
म्हटलं, याला खर्च नाही,
चावी तीनऐवजी साडेपाचला फिरवायची.
कुणी म्हणालं, झोप हा महापालिकेचा विषय नाही.
कुणी हसलं.
सभापतींनी विचारलं, यादीत नावं आहेत का यांची?
एकशे चौसष्ट, मी म्हटलं.
तेव्हा कुठे त्यांनी कागद हातात घेतला,
म्हणाले, साडेपाचला टॉवरच्या आंघोळी आहेत.

म्हणजे विषय होता तर.
कुणाची सकाळ, एवढंच ठरायचं होतं.

ठराव पुढच्या बैठकीवर गेला. कमान झाली.
तिच्याखाली चावीवाला हिरामण केणी भेटला,
पंचवीस वर्षं तीच चावी, तोच खड्डा.
म्हणाला, तीनचा टाइम कुनी लिवलेला नाय, बाय.
माझ्या आदी जो होता
त्याला पाचला घरा जावाचा आसं.

पुढच्या खेपेला हिरामणला सोबत नेलं,
कमलबाईला, आणि फरजानाचं बोट.
कमलबाई बोलली काहीच नाही.
खुर्चीत बसल्या बसल्या तिला डोळा लागला
आणि सभा दोन मिनिटं हळू आवाजात चालली.

प्रायोगिक तत्त्वावर, तीन महिने, एक दिवसाआड.
एवढंच निघालं.
टॉवरांची तक्रार आली आहे. तीही खोटी नाही;
त्यांनाही विचारायला जायचंय, नवा फॉर्म करून.

आज पहाटे चारला हिरामणसोबत चढले.
फॉर्मवर तीनच पर्याय असतात:
घर बंद. नकार. स्थलांतरित.
कमलबाईच्या दारात हंडे पालथे होते,
एकावर मांजर.
पत्र्याआडून घोरणं येत होतं, चांगलं खणखणीत.
पेन काढलं.
कडी वाजवली नाही.