सामू पाच पूर्णांक नऊ

काल फळ्यावर मी लिहिलं:
सामू एक पायरी उतरला, की पाणी दहापट आंबट.
दोन उतरला, शंभरपट.
आयविन हात वर न करताच म्हणाला,
"मग ही पायरी कसली? हा तर कडा आहे."
मी ते माझ्याच वहीत उतरवून घेतलं.

आज वर्ग होडीत.
चार मुलं, सहा पोती चुनखडीची भुकटी,
बाकीची पोरं काठावर हात खिशात घालून,
आणि वल्ह्यांवर टालाक म्हातारा, कारण होडी त्याची.
दक्षिण नॉर्वेचा सप्टेंबर. ग्रोवात्न तळ्यावरचं धुकं
अजून अंथरुणातच आहे.

टालाक सांगतो:
त्याच्या पोरवयात ट्राउट मासे इतके,
की आई म्हणायची, आज नको, आज बटाटे.
मग एका वसंतात बर्फ वितळलं.
(बर्फात साठलेलं आम्ल आधी बाहेर पडतं,
पाणी मागून येतं. हे मी सांगते, तो नाही.)
आणि तळं नितळ झालं.
दहा मीटर खोल पडलेलं नाणं ओळखू यावं, इतकं.
शहरातून लोक फोटो काढायला आले.
काय सुंदर, म्हणाले.
गोगलगाय नाही, किडा नाही, माशाचं पिल्लू नाही.
काय सुंदर.

"आम्ल आलं कुठून?" हुदान विचारते,
"आपल्या गावात तर साबणाचाही कारखाना नाही."
मी समुद्रापलीकडे बोट दाखवते.
तिकडे कोळसा जळला, कोळशात गंधक होतं,
धुराला ढग भेटला,
आणि ढगातून सल्फ्युरिक आम्ल उतरलं.
तिथल्या लोकांना खोकला झाला, तेव्हा चिमण्या उंच केल्या.
त्यांचा खोकला गेला. वारा आमच्याकडे येणारा.
चुना आम्हांला तेव्हाच लागला होता.
आता आम्ही तळ्याला लावतो. हा निदान पांढरा आहे.

आमचा खडक ग्रॅनाइट:
कुणाचं घेत नाही, कुणाला देत नाही.
चुनखडीचा असता तर निम्मं भांडण त्यानेच मिटवलं असतं.
मातीतलं ॲल्युमिनियम मात्र आम्लाला भुललं,
विरघळून पाण्यात आलं
आणि माशांच्या कल्ल्यांवर जाऊन बसलं.
मासा पाण्यात गुदमरतो, हे सुन्निवाला पटत नाही.
मी तिला नाकातोंडावर ओला रुमाल धरायला लावते.
पटतं.

पहिलं पोतं फाडलं.
भुकटी आधी वाऱ्यावर, मग टालाकच्या मिशीवर, मग पाण्यात.
दुधासारखा एक ढग खाली खाली जातो.
कधीकाळी हे शिंपले होते, उबदार समुद्रातले,
आणि ज्यांचं घर होतं त्यांना
माशांच्या अंड्यांशी काही देणंघेणं नव्हतं.
कार्बोनेट आंबट हायड्रोजनला धरतं,
पाणी होतं, कर्बवायू उडून जातो.
परीक्षेत हे एका ओळीत मावतं,
बाणाच्या दोन्ही बाजू समान.
इथे समान होत नाहीत. दर दोन वर्षांनी
पुन्हा पोती, पुन्हा होडी.
चिमण्यांना गाळण्या बसल्या, पाऊस पुष्कळ सुधारला,
पण मातीची आठवण लांब असते.

दुपारी मोजलं. पाच पूर्णांक नऊ.
आयविनने लिहिलं, "जवळजवळ सहा".
मी खोडलं. जवळजवळ ही संख्या नाही.
तो रुसला, मग दशांश चिन्ह
जरा मोठंच काढलं.

हुदानची जाळी काठाशी वर आली तेव्हा
तिच्यात काड्या होत्या, गाळ होता,
आणि नखाएवढं काहीतरी, तीन शेपट्यांचं, वळवळतं.
टालाकने चष्मा शोधला. खिशात नव्हता, कपाळावर होता.
"अरे," तो त्या किड्याला म्हणाला,
"तू कधी आलास?"

परतताना तो कुरकुरत होता,
पाणी गढूळ झालंय, पूर्वीसारखा तळ दिसत नाही.
आणि वल्ही थांबवून
वाकून बघतच राहिला.