रेघ

गोत्री रोडला खाली फरसाणाचं दुकान,
वर त्वचेचे डॉक्टर.
जिन्यात पापडी तळल्याचा वास.
बूट मी झटकन काढतो,
मोजे काढायला वेळ लावतो.

एकतीस वर्षं रिफायनरीत
लोखंडी टोपीचे बूट घालून
प्रेशर गेज वाचत हिंडलो.
उजव्या अंगठ्याचं नख तेव्हाच कधीतरी
पिवळं पडलं, जाड झालं,
जुन्या बाजाच्या पेटीची पट्टी असते तसं,
काठाला भुगा.

कुमुदने सगळं करून पाहिलं.
कडुलिंबाचं पाणी, खोबरेलात कापूर,
व्हिनेगरच्या टबात पाय घालून मी पेपर वाचायचो.
गोळ्या लिव्हरला मानवल्या नाहीत.
जावई पहिल्यांदा नमस्काराला वाकला
तर मी पाय सोफ्याखाली ओढले.
'हवेलाच नमस्कार करून गेला बिचारा,'
रात्री भांडी आवरताना ती हसली खूप,
आणि हसता हसता थांबून म्हणाली,
आता लेसर.

एका वेळचे साडेतीन हजार? नखाला?
सोन्याचं आहे का नख?

तिने मला विचारलंच नाही परत.
दुधाच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानावर,
मंगळवार, साडेअकरा, नख.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी फोन आला.
'कुमुदबेन छे?'
मी म्हटलं, हो, येतो.

जिगीषा नावाची मुलगी. तिने चष्मा दिला.
वेल्डिंगच्या ठिणग्यांसाठी घालायचो तसलाच,
फक्त हिरवा.
टिक टिक टिक.
आधी काहीच नाही,
मग एकदम तव्याला बोट लागल्यासारखं.
'काका, गरम लागे तो केजो.'
लागतंय. चालेल.
केस जळाल्यासारखा वास आला.
मी खिडकीकडे बघितलं.
समोरच्या गच्चीवर उत्तरायणाच्या आधीच
एक पोरगा मांजा घासत होता.

डॉक्टरांनी कानशीने नखाच्या मुळाशी
एक बारीक रेघ ओढली.
म्हणाले, जुनं नख काही सुधारत नाही.
आतलं जे आहे ते मरतं, मेलं तर.
नवं मुळातून यायचं,
महिन्याला मिलिमीटर, फार तर दीड.
बघत राहा.

बघण्यात माझी नोकरी गेली.
स्टीलची पट्टी काढली,
दुधाच्या वहीत तिच्या अक्षराखाली
दर एक तारखेला आकडा लिहायला लागलो.
होळीला अर्ध्या तांदळाएवढी सरकली.
रसाचे दिवस आले, निम्म्यावर.
एकट्यासाठी दोन आंबे आणायचे,
एक सडायचा.
मधे दोनदा पुन्हा टिक टिक टिक.
जिगीषाचं लग्न ठरलं, पेढे दिले तिने,
'काका, नख तो मस्त आव्यो.'
खरंच मस्त होतं.
रेघेच्या मागे पातळ, गुलाबी,
नातवाच्या अंगठ्याला असतं तसं.
रेघेच्या पुढे तेच पिवळं, खडबडीत.
एका मिलिमीटरला किती दिवस, हा हिशोब
मी एकदाच केला
आणि वही मिटली.

पुढचं सगळं तिच्या वेळचं होतं.

नवरात्रात गरब्याचे भोंगे वाजायला लागले,
रेघ टोकाला आली.
डॉक्टर म्हणाले, आता घरीच कापून टाका.
नेलकटर घेऊन बसलो
तर दिवेलागण झालेली.
दिवेलागणीला नखं कापायची नाहीत,
तिचा नियम.
ठेवून दिलं.
शनिवारही नाही चालायचा.
शनिवार होता.

रविवारी सकाळी पेपर पसरला,
लग्नाच्या जाहिरातींचं पान.
कट् करून आवाज झाला,
आणि तुकडा उडून फ्रिजखाली गेला.

जावई दिवाळीला येतोय.
पाय आता बाहेर ठेवता येतील.

मी उठलो, बॅटरी शोधली,
सेल हलवून बघितले,
आणि गुडघे टेकून
फ्रिजखाली उजेड पाडला.